साडेसत्तावीस इंच

(जानेवारी महिना. धनुष्यं बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना, विक्रेत्यांच्या प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. सात नंबरच्या टेबलापाशी तिघंजण : मिनेसोटातला दुकानदार आर्लन, त्याची बायको मार्लिस आणि कंपनीची शिक्षिका कोरीन.)

आर्लन : ती टेप ठेव तिकडं. मला टेप लागत नाही.

कोरीन : आर्लन, सगळ्यांनाच लागते.

आर्लन : सगळ्यांना लागत असेल. माझ्या दुकानात माणूस दारातून येऊन बुटांवरचा बर्फ झटकेपर्यंत मला त्याची ओढ कळलेली असते. दोरी किती इंच मागं ओढणार ते. अर्ध्या इंचाचा फरक पडणार नाही. विचार हिला.

मार्लिस : खरंय गं ते. लोक पैजा लावतात. पोस्टाचा नवा माणूस पहिल्यांदा पार्सल घेऊन आला, तर यानं सहीसुद्धा केली नव्हती अजून, आधी म्हणाला, ‘एकोणतीस’. बिचारा पार्सल तिथंच टाकून निघाला होता. मी कॉफी देऊन बसवला.

आर्लन : एकोणतीसच निघाली की नाही?

मार्लिस : निघाली. नाही कुठं म्हणतेय.

कोरीन : छान आहे. पण परीक्षेच्या कागदावर ‘नजरेनं’ असा रकाना नाहीये.

आर्लन : मग छापून घ्या.

कोरीन : मी वरती कळवते. तोवर टेप. नियम काल सांगितला होता, तुम्ही मागच्या रांगेत डुलक्या काढत होतात म्हणून परत सांगते. दर दुकानाची दोन माणसं. एकानं दुसऱ्याला गिऱ्हाईक समजून माप घ्यायचं, धनुष्य त्याच्या अंगाला बसवून द्यायचं. मग त्या दुसऱ्यानं कागदातून तीन बाण मारायचे. तिन्ही भोकं स्वच्छ पाहिजेत. भोकाला शेपूट फुटलं, कागद फाटला, तर नापास.

आर्लन : आणि नापास झालं की?

कोरीन : या वर्षी आमची धनुष्यं तुमच्या दुकानात नसतील.

मार्लिस : म्हणजे हायवेवरच्या त्या अवाढव्य दुकानात जाणार सगळं. तिथं धनुष्याच्या शेजारच्या मांडणीत कुत्र्याचं खाणं ठेवतात.

आर्लन : माझं निम्मं गिऱ्हाईक तुमच्याच धनुष्यापायी येतं, पोरी. एकतीस वर्षं झाली दुकानाला. ते गिऱ्हाईक गेल्यावर मी काय विकू? टोप्या?

मार्लिस : टोप्या खपत नाहीत. मागच्या वर्षीच्या दोन खोकी पडून आहेत.

कोरीन : म्हणूनच म्हणते, सुरुवात करू या. मार्लिस, तुम्ही इथं या, रेषेवर.

मार्लिस : मी? कशाला?

कोरीन : तुम्ही गिऱ्हाईक. बाण तुम्हाला मारायचेत ना.

मार्लिस : छे छे! मी नाही मारत. आर्लन, हिला सांग. मी गल्ल्यावर असते. काल तर मी या वर्गालाही नव्हते. मला म्हणाला होता, नुसतं शेजारी उभं राहायचंय. मी लिंबाच्या वड्यासुद्धा करून आणल्यात सगळ्यांना.

कोरीन : तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?

आर्लन : सांगितलं असतं तर ही आली नसती.

मार्लिस : पाच तास गाडीत होतो आपण! पाच तास! वाटेत दोनदा कॉफी प्यायला थांबलो. गोठलेल्या तळ्यावर मासे कसे लागतायत, लॉइडचे गुडघे कसे आहेत, सगळं बोललास, आणि हे तेवढं राहिलं होय?

कोरीन : लॉइड कोण?

आर्लन : हिचा भाऊ. दुकानात दुसरा माणूस तोच. यंदा ॲरिझोनात गेलाय, गुडघे शेकायला. ऐन जानेवारीत.

मार्लिस : त्याच्या गुडघ्यांना काही बोलायचं नाही. दुखतात बिचाऱ्याचे.

आर्लन : माझं दुकान दुखतंय. मार्लिस, तीनच बाण. पोरं मारतात चर्चच्या तळघरात.

मार्लिस : पोरांना मारता येतं. मला येत नाही. अख्ख्या तालुक्याला माहितेय मला येत नाही. तूच सांगितलंयस.

कोरीन : बसा, बसा. आधी नुसते प्रश्न आहेत. आर्लन, हे कार्ड घ्या. गिऱ्हाइकाला विचारायचे सहा प्रश्न. जसे छापलेत तसेच विचारायचे.

आर्लन : ‘दुकानात आपलं स्वागत आहे. आपलं नाव?’

मार्लिस : आर्लन, वेडा झालायस का?

कोरीन : कार्डावर आहे ते. उत्तर द्या.

मार्लिस : मार्लिस स्कोगस्टाड. आडनाव याचंच.

आर्लन : ‘आपल्याला धनुष्य कशासाठी हवं आहे?’

मार्लिस : नकोय.

आर्लन : लिहू का तसं?

कोरीन : नको. पुढचा घ्या.

आर्लन : ‘आपण यापूर्वी धनुष्य वापरलं आहे का? अनुभव कसा होता?’ हा सोडू या. मला माहितेय.

कोरीन : सोडता येत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायचं.

आर्लन : अगं, लग्नाची बायको आहे ही माझी!

कोरीन : मार्लिस, सांगा. बिनधास्त सांगा.

मार्लिस : काय सांगू? छत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नात यानं मला धनुष्य दिलं. बाकीच्या नवऱ्या मुलींना अंगठी, घड्याळ, मला धनुष्य. मी खूश होते हां. खरंच. मला वाटलं, नोव्हेंबरात शिकारीचा मोसम आला की दोघं मिळून जंगलात जाऊ, थर्मास घेऊन एकाच मचाणावर बसू. मी लोकरीची पँटसुद्धा आणली होती.

कोरीन : मग?

मार्लिस : मग कुठलं काय. तीन रविवार मारून बघितलं. बाण कुठंही जायचा. एक गेला तो थेट शेजारच्या हॅलवर्सनांच्या ट्रॅक्टरच्या टायरमध्ये. आणि दर वेळी दोरीचा फटका हातावर. काळानिळा पडला होता हात. आमचे तेव्हाचे पाद्री घरी आले होते, आर्लन, आठवतं? माझे वळ बघून आले. बसले, केक खाल्ला, आणि मग हळूच म्हणाले, मार्लिस, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, आहे. तर यालाही बाजूला घेऊन गेले.

आर्लन : तासभर. गाडीत बसवून तासभर बोलले माझ्याशी.

कोरीन : वळ कुठं उठायचे? दाखवा ना.

मार्लिस : इथं. कोपराच्या आतून खाली, मनगटापर्यंत.

कोरीन : दर वेळी?

मार्लिस : दर वेळी.

कोरीन : हं.

आर्लन : हं काय? पुढचा प्रश्न घेऊ या.

कोरीन : घेऊ. मग सोडलंत तुम्ही?

मार्लिस : सोडलं. आर्लन म्हणाला, काहींच्या हातातच नसतं ते, वाईट वाटून घेऊ नकोस. मी नाही घेतलं. बरं वाईट म्हणजे, घेतलं थोडं. धनुष्य दुकानात टांगलंय, गल्ल्याच्या वर. खाली यानं पाटी लावलीय : ‘मार्लिसची शिकार, एक टायर.’ येणारा प्रत्येक जण हसतो.

कोरीन : तुम्ही पण?

मार्लिस : मी गल्ल्यावर असते ना. हसावं लागतं.

आर्लन : गमतीची पाटी आहे, पोरी. लोकांना आवडते.

कोरीन : चौथा प्रश्न वाचा, आर्लन.

आर्लन : ‘जुनं धनुष्य आपल्या मापाचं होतं का? ते कुणी बसवून दिलं?’ हे छापतं कोण? कुणाचं डोकं आहे हे?

मार्लिस : यानंच दिलं. मापाचं असणारच.

आर्लन : झालं. माप घेऊन टाकू. टेप दे.

कोरीन : टेप? आत्ता नको होती ना?

आर्लन : नियम म्हणजे नियम.

मार्लिस : नाही नाही, थांब. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोस, पोस्टमनलासुद्धा सांगितलीस. मला कधीच नाही सांगितली. सांग माझी.

आर्लन : घरच्या माणसाची नजरेनं काढत नाहीत.

मार्लिस : हे कुठलं नवीन? लॉइडची काढलीस. माझ्या आईची काढलीस, ती नव्वदीला आली होती. खुर्चीत बसलेली होती. सांग ना.

आर्लन : साडेसत्तावीस.

कोरीन : नक्की?

आर्लन : सांगितलं ना.

कोरीन : मार्लिस, भिंतीला पाठ लावा. दोन्ही हात असे पसरा, खांद्याच्या रेषेत. ताणू नका. आर्लन, ते टोक धरा. एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत. किती?

आर्लन : सरकली टेप.

कोरीन : नाही सरकली. मी वाचते. चौसष्ट. याला अडीचनं भागायचं, ओढ निघते. पंचवीस पॉइंट सहा. साडेपंचवीस धरू या.

मार्लिस : साडेपंचवीस? आर्लन, तू दोन इंचांनी चुकलास?

आर्लन : टेप ओढली गेलीय. स्वस्तातली टेप आहे.

कोरीन : कारखान्यातली आहे. पुन्हा घेऊ?

मार्लिस : घे पुन्हा.

कोरीन : चौसष्ट.

मार्लिस : एक मिनिट. साडेसत्तावीस हा आकडा मला पाठ आहे. कुठं बरं... अगंबाई! माझ्या त्या धनुष्यावर खाली छापलाय. मी दर शनिवारी पुसते ना ते. मला वाटायचं कंपनीचा काहीतरी नंबर असेल.

कोरीन : नंबर नाही. ती ओढ असते.

मार्लिस : म्हणजे ते धनुष्य माझ्यापेक्षा दोन इंच मोठं होतं?

कोरीन : दोन इंच जास्त ओढावं लागलं की हात वाजवीपेक्षा ताठ होतो, कोपर आत वळतो, आणि दोरी जाताना हातावर बसते. दर वेळी बसते. मलासुद्धा बसेल. कुणालाही बसेल.

मार्लिस : आर्लन?

आर्लन : माणूस वयानं आखडतो. तू तेव्हा उंच होतीस.

कोरीन : उंची कमी होते, आर्लन. हात नाही होत.

मार्लिस : लग्नाचा ड्रेस कपाटात आहे माझा. घरी जाऊन बाही मोजते. मोजू?

आर्लन : कशाला उगाच.

मार्लिस : मग ते होतं कुणाच्या मापाचं? दुकानातलं उचलून दिलं होतंस का?

आर्लन : हो. दुकानातलं.

मार्लिस : दुकान नंतर पाच वर्षांनी काढलंस तू. तेव्हा डेअरीत चीजचे ठोकळे उचलत होतास.

कोरीन : मी थोडी कॉफी आणू का? त्या बाजूच्या टेबलावर...

मार्लिस : तू थांब इथंच. आर्लन, माझ्याकडे बघ. ते व्हर्नाचं होतं का?

कोरीन : व्हर्ना कोण?

मार्लिस : याची आधीची. साखरपुडा झाला होता यांचा. आमच्या लग्नाच्या सहा महिने आधी तिनं मोडला आणि डेंटिस्टशी लग्न केलं. तिच्यासाठी करवून घेतलं होतंस, आणि ती गेली म्हणून मला दिलंस. असंच ना?

आर्लन : ...हो.

मार्लिस : हो?

आर्लन : व्हर्नाचं होतं. तिच्या मापाचं. झालं समाधान?

मार्लिस : माझा कोट दे.

कोरीन : मार्लिस, बाहेर उणे बावीस आहे.

मार्लिस : गाडीत बसते. हीटर लावून बसते. तू मार तुझे बाण, लॉइडला बोलाव, व्हर्नाला बोलाव. डेंटिस्टलाही बोलाव! छत्तीस वर्षं मी दुसऱ्या बाईचं धनुष्य पुसत होते. आणि वर तिची धूळ!

आर्लन : मार्लिस, दुकान जाईल.

मार्लिस : जाऊ दे.

कोरीन : मला एक विचारायचंय. नुसतं आकड्यापुरतं. ही व्हर्ना किती उंच होती?

मार्लिस : चांगली सहा फूट. चर्चच्या गायनात नेहमी मागच्या ओळीत. पुढं उभी राहिली तर मागच्यांना पाद्री दिसायचे नाहीत.

कोरीन : हात कसे होते?

मार्लिस : लांबच लांब. वरच्या फळीवरचं सगळं तीच काढून द्यायची. का गं?

कोरीन : सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. हात पसरले की साधारण उंचीएवढेच भरतात. बहात्तर भागिले अडीच. एकोणतीसच्या जवळपास. लांब हात असतील तर त्याच्याही वर.

मार्लिस : म्हणजे?

कोरीन : म्हणजे साडेसत्तावीस तिलाही बसलं नसतं. ते तिचं नव्हतं.

आर्लन : तुला कुणी सांगितलं होतं भागाकार करायला?

मार्लिस : थांब. थांब जरा. ते व्हर्नाचं नव्हतं?

आर्लन : नाही.

मार्लिस : आणि तू मला हो म्हणालास?

आर्लन : तूच म्हणालीस. मी नुसतं हो म्हटलं.

मार्लिस : अरे देवा! कोरीन, तू ऐकलंस ना? तू साक्षीदार. नवरे खोटं बोलतात ते दुसरी बाई नव्हती असं. हा खोटं बोलला की होती! कोण माणूस असं करतो, आर्लन? आणि असं काय होतं की त्यापेक्षा तुला व्हर्ना परवडली?

आर्लन : सगळ्या हॉलसमोर विचारतेयस.

मार्लिस : हॉल वड्या खातोय. बोल.

आर्लन : मी नजरेनं काढलं होतं.

मार्लिस : काय?

आर्लन : तुझं माप. तुला सांगायचं नव्हतं, भेट द्यायची होती. मग टेप कशी लावणार? चर्चमध्ये तू पुढच्या बाकावर बसलेली, तुझ्याकडे बघून काढलं. पत्र लिहून कारखान्याला कळवलं, साडेसत्तावीस. ते माझं आयुष्यातलं पहिलं नजरेचं माप.

कोरीन : बसलेल्या माणसाचं?

आर्लन : कोट घातलेल्या.

मार्लिस : माझा तो फुगीर खांद्यांचा कोट. मला तो फार आवडायचा.

आर्लन : तोच नडला.

मार्लिस : बरं. चुकलं. माणूस चुकतो. मग कळलं कधी तुला?

आर्लन : आता तो विषय कशाला.

मार्लिस : कधी कळलं, आर्लन? आज? टेप लावल्यावर?

आर्लन : नाही.

मार्लिस : दुकान काढल्यावर?

आर्लन : दुसऱ्या रविवारी.

मार्लिस : कुठल्या दुसऱ्या?

आर्लन : तीन रविवार मारलंस ना तू. त्यातल्या दुसऱ्या. तू मागं रेलून ओढत होतीस, कोपर पार पाठीमागं गेलेला. मी बघितलं आणि कळलं. दोन इंच.

मार्लिस : आणि तिसऱ्या रविवारी मला मारू दिलंस?

आर्लन : दिलं.

मार्लिस : हात दिसत होता ना तुला माझा?

आर्लन : दिसत होता.

कोरीन : मी खरंच जाते कॉफी आणायला.

आर्लन : जाऊ नकोस. तू गेलीस तर मला बोलता यायचं नाही. मार्लिस, आदल्या रात्री आपण बाबांकडे जेवायला गेलो होतो. तू स्वयंपाकघरात आईबरोबर होतीस. मी भावांसमोर फुशारकी मारत होतो, मी नुसतं बघून माप काढलं, कारखान्यानं तेच बनवून पाठवलं. सगळे हसत होते. बाबा नव्हते हसले. त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘पोराला नजर आहे.’

मार्लिस : तुझे बाबा म्हणाले?

आर्लन : बाबा.

कोरीन : त्यात एवढं काय?

मार्लिस : तुला नाही कळायचं गं. त्याचे बाबा बोलायचेच नाहीत. आमच्या लग्नात दिवसभरात एक वाक्य बोलले. म्हणाले, ‘वारा पडलाय.’

आर्लन : मी सव्वीस वर्षांचा होतो. तोवर माझ्याबद्दल त्यांनी कधीही काही चांगलं म्हटलं नव्हतं. नंतरही नाही. तेवढंच एक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते खोटं. मी तुला सांगितलं असतं तर धनुष्य परत गेलं असतं, सगळ्यांना कळलं असतं, बाबांना कळलं असतं. मग मी म्हणालो, तुझ्याच हातात नाही.

मार्लिस : आणि पाटी?

आर्लन : पाटी दुकान काढल्यावर. लोक विचारायचे, बायको का नाही मारत. काहीतरी सांगायला हवं होतं.

मार्लिस : आणि मग माणसांची मापं सांगत सुटलास.

आर्लन : त्यानंतर नाही चुकलो एकदाही. रोज जाता-येता माणसं बघून सराव केला. गुपचूप टेप लावून पडताळायचो. एकतीस वर्षं दुकानात एकही चूक नाही. तेवढी पहिलीच.

मार्लिस : पहिलीच माझी.

आर्लन : हो.

मार्लिस : बाबा जाऊन वीस वर्षं झाली, आर्लन. तेव्हा सांगायचंस.

आर्लन : सांगणार होतो. पण तोवर तुझं नोव्हेंबरचं सगळं बसलं होतं. बायकांचे पत्ते, रजया शिवणं, चर्चचा बाजार. मला वाटलं, तुला आता नकोच असेल.

मार्लिस : विचारलंस?

आर्लन : नाही.

मार्लिस : पहिल्या पाच-सात वर्षांत काय करायचे मी, माहितेय? तू पहाटे शिकारीला निघालास की खिडकीत उभी राहायचे, गाडीचे दिवे दिसेनासे होईपर्यंत. मग म्हणायचे, जाऊ दे, आपल्या हातात नाही ते. तुझेच शब्द. पत्ते नंतर सुरू झाले. मला पत्ते आवडत नाहीत, आर्लन! अजूनही आवडत नाहीत. डोलोरेस फसवते.

आर्लन : डोलोरेस फसवते हे माहितेय मला.

मार्लिस : मध्येमध्ये बोलू नकोस.

आर्लन : बरं.

मार्लिस : मला इतका राग आलाय तुझा की काय सांगू. तुला माफ वगैरे केलंय असं समजू नकोस. घरी जाताना पाच तास मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस, आणि मध्ये कॉफीला थांबायचं नाही.

आर्लन : बरं. आणि मार्लिस, चुकलं माझं. तेव्हाही चुकलं आणि नंतरही. दुकान जाऊ दे तुला जायचं असेल तर. कोट देतो.

मार्लिस : कोट राहू दे. कोरीन, किती वेळ उरलाय?

कोरीन : परीक्षेला? बावीस मिनिटं. बाकीची टेबलं आटोपत आलीत.

मार्लिस : मग उभा काय राहिलायस, आर्लन? माझ्या मापाचं धनुष्य बसव.

आर्लन : आत्ता?

मार्लिस : छत्तीस वर्षं लागली, अजून किती लावतोस?

आर्लन : ओढ साडेपंचवीस. ओढायचं वजन तीस पौंड ठेवतो, खांद्याला जड नको. कोरीन, धनुष्य दाबून धरायचं प्रेस मोकळं आहे का? ते धनुष्य चढव इकडं. पकड धरून ठेव. झालं. दोरीतलं बघायचं भोक जरा खाली घेतो, तिचा डोळा इथं येईल. मार्लिस, मनगटाला हा पट्टा बांध, याचा चाप बोटानं दाबायचा. घट्ट होतोय?

मार्लिस : नाही. ठीक आहे.

कोरीन : एक बाण सरावाचा मिळतो. कागद इथं, सहा फुटांवर. मागं फोमचा ठोकळा आहे, टायर नाहीत.

मार्लिस : गोड आहेस तू.

आर्लन : मूठ आवळू नकोस. नुसतं टेकवून धर, आपोआप राहतं ते. आता ओढ. येतंय?

मार्लिस : आलं की! थांबलं आपोआप.

आर्लन : तिथंच थांबतं ते. डोळे उघड.

मार्लिस : फटका बसेल.

आर्लन : नाही बसणार.

मार्लिस : तू म्हणतोयस म्हणून भीती वाटतेय.

कोरीन : मी म्हणते, नाही बसणार.

मार्लिस : हां, मग सोडते.

कोरीन : सुटला!

आर्लन : भोकाला शेपूट आलंय वरच्या बाजूला. बाणाची मागची बाजू वर जातेय. तिची चूक नाही, माझी. बाणाचा आधार केसभर उचलायला हवा. पाना दे. बस एवढंच. आता मार.

कोरीन : आता मोजायचे. पहिला.

मार्लिस : कसा आलाय?

कोरीन : गोल. स्वच्छ गोल आहे! पिसांच्या तीन रेघा आणि मधे भोक.

मार्लिस : दुसरा दे.

कोरीन : दुसराही गोल. मार्लिस, घाई करू नका.

मार्लिस : घाई कसली, सावकाश मारतेय. आर्लन, तू श्वास घे. तुझा आवाज बंद झाला की मला भीती वाटते.

आर्लन : घेतोय.

कोरीन : तिसरा. हाही! तिन्ही स्वच्छ. पास झालात. दुकान वाचलं तुमचं, आर्लन! मी सही करते. पेन कुठं गेलं माझं... मार्लिस? काय झालं? रडताय का तुम्ही?

मार्लिस : काही नाही गं. आर्लन.

आर्लन : काय?

मार्लिस : तो सुटतो ना, तेव्हा एकदम हलकं होतं सगळं. आवाजच नाही. म्हणजे तो निघून जातो आणि आपण नुसते उभे.

आर्लन : हो.

मार्लिस : तुला असंच वाटतं? दर वेळी?

आर्लन : दर वेळी.

मार्लिस : इतकी वर्षं?

आर्लन : हो, मार्लिस.

कोरीन : तुमचे तिन्ही बाण झाले, मार्लिस. आता नाही मारलेत तरी चालेल.

मार्लिस : माहितेय मला. आर्लन, बाण दे.